मोडण्याचं काम

तासगावच्या द्राक्षबागेत भुरी या बुरशीच्या रोगावर मारलं जाणारं कार्बेन्डाझिम, फेब्रुवारीत शाळेत पोरांना चावून खायला देतात ती जंताची गोळी, शिराळ्याच्या डोंगरात पावसाळ्यात कुंपणावर चढलेली कळलावी आणि विश्रामबागेत दर दुसऱ्या घराच्या दारात असलेली सदाफुली, यांचं एकमेकांशी नातं काय, असं मी दरवर्षी बारावीच्या वर्गाला विचारते. ‘सगळी औषधं आहेत’ असं एक जण म्हणतो, ‘सगळी विषं आहेत’ असं दुसरा. दोघंही बरोबर. पण मला हवं असलेलं उत्तर निराळं असतं. हे चौघंही एकाच प्रथिनाच्या मानगुटीवर बसतात. ट्युब्युलिन त्याचं नाव.

कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्युब्युलिनला धरतं, शाळेतल्या गोळीतलं अल्बेंडाझोल जंताच्या. माणसाच्या ट्युब्युलिनशी अल्बेंडाझोलचं फारसं जमत नाही, म्हणून तर ती गोळी लहान पोरांनाही देता येते. ट्युब्युलिन म्हणजे साधारण साडेचारशे अमिनो आम्लांची साखळी. त्यातलं १९८ व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललं तरी बुरशीवर कार्बेन्डाझिम चालेनासं होतं. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांतही १९८, २०० अशा मोजक्या जागांवर हेच होतं. बागायतदार आणि जतकडे माडग्याळी मेंढ्या राखणारा धनगर ‘आता औषध लागत नाही’ म्हणून वैतागतात, तेव्हा दोघांची तक्रार एकाच रेणूच्या एकाच कोपऱ्याबद्दल असू शकते. (दावण्या या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगावर कार्बेन्डाझिम मारून उपयोग नाही हे बागायतदारांना अनुभवानं माहीत असतं. दावण्याचा जीव खऱ्या बुरशीत मोडतच नाही.)

कळलावीची गोष्ट तर उलट्या दिशेनं घडली. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, जिवावर बेतणारं. कोल्चिसिन दिलं की पेशी विभाजनाच्या ऐन मध्यात अडकून पडते, हे फार आधीपासून ठाऊक होतं. माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे १९५६ साली पक्कं झालं, त्यातही अशा अडकवलेल्या पेशी उपयोगी पडल्या. पण कोल्चिसिन पेशीत नेमकं कुणाला धरतं? गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी १९६७ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेलं कोल्चिसिन वापरून ते चिकटतं कुठं याचा माग काढला, आणि ट्युब्युलिन हाती लागलं. चोराच्या पावलावरून घरमालक सापडावा, तसला प्रकार.

आता या प्रथिनाचं काम. अल्फा आणि बीटा असे ट्युब्युलिनचे दोन भाऊ जोडीनं असतात. एक जोडी आठ नॅनोमीटर लांब. जोडीला जोडी लागत जाऊन सर तयार होतो, आणि बहुधा असे तेरा सर कडेला कड लागून पोकळ नळी होते, २५ नॅनोमीटर जाडीची. हीच सूक्ष्मनलिका. पेशी विभागताना गुणसूत्रांना धरून दोन टोकांकडे नेणारे तुर्कतंतू आपण दहावीपासून पाठ करतो ना, ते या नलिकांचेच असतात.

पाठ्यपुस्तकातल्या त्या आकृतीवर माझा जुना राग आहे. पट्टीनं ओढल्यासारख्या रेघा, मधे एका ओळीत गुणसूत्रं, दोन बाजूंना तारककेंद्रं. पोरं ती सुरेख काढतात, चार मार्क मिळवतात, आणि तुर्कतंतू म्हणजे एकदा ताणून बांधलेल्या दोऱ्या अशी समजूत घेऊन कॉलेजातून बाहेर पडतात. तशा दोऱ्या असत्या तर आपल्यापैकी कुणी जन्मालाच आलं नसतं.

१९८४ मध्ये टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखवलं की सूक्ष्मनलिका स्वस्थ बसतच नाही. एक नळी वाढत असते, तिच्या शेजारचीच धडाधड कोसळत असते, आणि परिस्थिती दोघींची सारखीच. कारण असं की प्रत्येक ट्युब्युलिनची जोडी जीटीपी नावाचा ऊर्जेचा रेणू घेऊन नळीत शिरते, आणि शिरल्यावर थोड्या वेळानं तो रेणू फुटतो. फुटला की ती जोडी वाकायला बघते. टोकाला ताज्या, न फुटलेल्या जोड्यांचं टोपण आहे तोवर नळी सरळ राहते आणि वाढते. टोपण गेलं की सगळे सर बाहेर वळतात, आणि नळी ज्या वेगानं वाढली त्याहून जास्त वेगानं मोडते. मधेच कुठं सावरली तर पुन्हा वाढायला लागते.

विभाजन नसताना पेशीतल्या नळीचं निम्मं आयुष्य पाच-दहा मिनिटांचं. विभाजन सुरू झालं की ते मिनिटभरावर किंवा त्याच्याही खाली येतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचित्र वाटलं होतं. गुणसूत्रांची वाटणी म्हणजे पेशीच्या आयुष्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. त्या वेळी आधार भक्कम करायचा सोडून ढिसाळ का करायचा?

उत्तर शोधण्याच्या अंगानं आहे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे पकडायच्या जागा ९२. या जागेला कायनेटोकोर म्हणतात, गुणसूत्रबिंदूवर बसलेला प्रथिनांचा गठ्ठा. तो कुठल्या दिशेला आहे हे ध्रुवाकडून, म्हणजे पेशीच्या त्या दोन टोकांपैकी एकाकडून, निघालेल्या नळीला कळायला काही मार्ग नाही. ती नुसती एका बाजूला वाढते, काही हाती लागलं नाही तर मोडते, आणि तोच माल दुसऱ्या नळीत लागतो. कायनेटोकोर हाताला लागला तर टिकते. पटापट मोडता आलं तरच पटापट शोधता येतं.

आणि हे मोडणं ट्युब्युलिनच्या मर्जीवर सोडलेलं नाही. इथून पुढं खरी गंमत आहे, आणि ती बेडकानं दाखवली. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाची अंडी फोडून त्यांचा रस काढला तर त्या रसात, परीक्षानळीत, तुर्कतंतू तयार होतात. एखादं प्रथिन त्यातून काढून टाका आणि काय बिघडतं बघा. १९९६ मध्ये असंच एक प्रथिन काढलं, किनेसिन घराण्यातलं. किनेसिन म्हटलं की ओझं घेऊन नळीवरून चालणारं प्रथिन डोळ्यांपुढं येतं. हे चालत नाही. नळीच्या टोकाला बसून सर बाहेर वळवतं आणि नळी मोडतं. माणसातल्या त्याच्या भावंडाला एमकॅक म्हणतात. ते नसताना रसात नळ्या वाढत सुटल्या, प्रचंड लांब झाल्या, आणि दोन ध्रुवांची ती नीटस रचना झालीच नाही. माल तोच, मोडणारा तेवढा गेला, तर सगळं रान माजलं.

त्याच्या विरुद्ध बाजूला एक्समॅप२१५ नावाचं लांबलचक प्रथिन. हे वाढत्या टोकावर बसून राहतं आणि ट्युब्युलिनच्या जोड्या भराभर लावत जातं. २००१ मध्ये टोनी हायमन यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध ट्युब्युलिन, हा लावणारा आणि तो मोडणारा, एवढे तिघंच परीक्षानळीत घालून पाहिले. जिवंत पेशीत दिसते जवळपास तशी उलथापालथ तिघांतच दिसायला लागली. पेशीत नळीवर काम करणारी प्रथिनं ढिगानं आहेत. ईबी१ वाढत्या टोकाबरोबर पुढं सरकतं आणि इतरांना तिथं बोलावतं. क्लास्प कोसळणाऱ्या नळीला सावरतं. स्टॅथमिन ट्युब्युलिनच्या दोन-दोन जोड्या अडकवून ठेवतं. कटानिन नळी मधोमध कापतं. ही यादी परीक्षेला विचारली तर पोरांचे हाल होतील. पण लावणारा आणि मोडणारा या दोघांच्या झटापटीत मूळ हिशेब येतो, असं माझं मत आहे.

नळ्या कुठं उगवायच्या हेही ठरलेलं असतं. तारककेंद्राजवळ गॅमा ट्युब्युलिनच्या कड्यावर त्या सुरू होतात, हे पुस्तकात असतं. गुणसूत्रं स्वतःही भोवती नळ्या उगवून घेतात, हे नसतं. रेबेका हील्ड यांनी १९९६ मध्ये चुंबकीय मण्यांवर डीएनए चिकटवून ते मणी बेडकाच्या रसात सोडले. तारककेंद्र नाही, कायनेटोकोर नाही, तरी मण्यांभोवती नळ्या उगवल्या आणि त्यांची दोन ध्रुवांची रचना झाली. डीएनएजवळ रॅन नावाच्या प्रथिनाचं एक रूप तयार होतं, ते टीपीएक्स२ सारख्या प्रथिनांना त्यांच्या राखणदारांपासून सोडवतं, आणि सुटलेली प्रथिनं नळ्या उगवायला लागतात. मग ईजी५ नावाचं किनेसिन उलट्या दिशांच्या दोन नळ्यांना दोन्हीकडून धरून एकमेकींपासून सरकवतं, तेव्हा ध्रुव लांब जातात. डायनिन नळ्यांची मागची टोकं गोळा करून ध्रुव आवळतं.

एवढं सगळं झालं तरी चूक होते. चूक व्हायचीच, कारण नळ्या अंधारात चाचपडतायत. एका गुणसूत्राच्या दोन्ही प्रती एकाच ध्रुवाच्या नळ्यांनी पकडल्या असं सहज होतं. तसंच राहिलं तर एका लेकपेशीला दोन्ही प्रती जातील आणि दुसरीला काहीच नाही. ही चूक पेशीला कळते कशी?

हे शोधणारा माणूस म्हणजे ब्रूस निकलस, आणि त्याचा प्राणी म्हणजे आपला नाकतोडा. आमच्या पिढीनं बी.एस्सी.ला नाकतोड्याच्या वृषणाची स्लाइड केली आहे. नदीकाठच्या गवतातून नाकतोडे धरायचे, वृषण काढायचं, ॲसिटोकार्मिनचा थेंब, वर कव्हरस्लिप, टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाब. जोरात दाबलं की काच फुटायची, हळू दाबलं की पेशींचा गोळाच राहायचा. (आता प्राण्यांचे प्रयोग कॉलेजातून जवळपास गेलेच. गेले ते बरंच झालं, पण त्या अंगठ्याच्या दाबाचा अंदाज पोरांना व्हिडिओतून येत नाही.) आमच्या स्लाइडवरच्या पेशी मेलेल्या असायच्या. निकलसनं जिवंत पेशीत काचेची बारीक सुई घातली. १९६९ साली त्यानं आणि कोखनं चुकीचं पकडलं गेलेलं गुणसूत्र, म्हणजे दोन्ही बाजू एकाच ध्रुवाला जोडलेलं, सुईनं उलट्या दिशेला ओढून धरलं. एरवी असली चुकीची पकड थोड्या वेळात सुटते. सुईनं ओढ दिली तोवर ती टिकून राहिली. पकड बरोबर आहे की चूक, हे पेशी पाहत नव्हती. ताण आहे की नाही एवढंच तिला कळत होतं.

गळिताच्या हंगामात सांगली-कराड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या भरताना हे पाहायला मिळतं. दोर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला टाकतात, गाठ मारतात आणि मग गडी दोराला लोंबकळतो. दोर ताठ राहिला तर गाठ तशीच. सैल लागला तर गाठ कुठं चुकली याचा शोध घेत कुणी बसत नाही, सरळ सोडतात आणि पुन्हा बांधतात. पेशीत गाठ सोडणारा गडी म्हणजे अरोरा बी. हे प्रथिन दोन कायनेटोकोरच्या मधे बसलेलं असतं आणि त्याच्या टप्प्यात येईल त्याला फॉस्फेट चिकटवत सुटतं. नळीला धरणाऱ्या एनडीसी८० या प्रथिनाला फॉस्फेट लागलं की त्याची पकड ढिली पडते. दोन ध्रुवांनी दोन बाजूंनी ओढ दिली तर कायनेटोकोर ताणून अरोरा बीपासून लांब जातात, टप्प्याबाहेर पडतात, पकड घट्ट होते. ताण नसेल तर ते जवळच राहतात आणि पकड पुन्हा पुन्हा सुटते. बरोबर काय हे त्या प्रथिनाला माहीत नाही. सैल असेल ते सोडायचं एवढंच त्याला येतं.

या कामाला वेळ लागतो, म्हणून पेशी थांबून राहते. एखादा कायनेटोकोर रिकामा असेल तर त्याच्यावर मॅड२ नावाचं प्रथिन एक अडसर तयार करत राहतं, आणि तो अडसर आहे तोवर पुढची अवस्था सुरू होत नाही. एकच रिकामा असला तरी पुरे. १९९५ मध्ये निकलस आणि ली यांनी हे खंडोबाच्या किड्यात पाहिलं. त्याच्या शुक्रपेशी बनताना तीन लिंग गुणसूत्रं एकत्र बांधली जायला हवीत. कधी एक सुटं राहतं. त्याला विरुद्ध बाजूनं ओढणारं कुणी नाही, म्हणून ताण नाही, म्हणून पेशी तासन्तास अडून राहते आणि शेवटी मरते. त्यांनी त्या सुट्या गुणसूत्राला सुईनं ओढलं. ताण खोटा, माणसानं दिलेला. तरी पेशी फसली आणि पुढं गेली. हा प्रयोग वर्गात सांगताना मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

ताण जुळला की गुणसूत्रं ध्रुवांकडे निघतात, आणि इथंही इंजिन मोडण्याचंच आहे. कायनेटोकोर मोडणाऱ्या टोकाला धरून राहतो, नळी आखडत जाते, गुणसूत्र तिच्यामागं ओढलं जातं. पुढची प्रत्यक्ष पेशी दोन होण्याची पायरी मी इथं गाळते. तीही प्रथिनांची मोठी लढाई आहे, पण ती पेशीला आतून आवळत जाणाऱ्या कड्याची, नळ्यांची थोडी कमी.

हे सगळं माझ्या घरात आलं ते मावशीमुळं. कवठेमहांकाळची माझी मावशी, स्तनाच्या गाठीसाठी मिरजेला केमो चालू आहे. औषध पॅक्लिटॅक्सेल. सदाफुलीतून निघणारं विनक्रिस्टिन नळी बांधूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेलचं उलटं आहे. अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत ते सापडलं, आणि सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं की ते नळी मोडू देत नाही. बांधू न देणं आणि मोडू न देणं, दोन्हींनी पेशी अडकते. मावशीला हे ऐकून नवल वाटलं नाही. तिला नवल वाटत होतं बोटांचं. ब्लाऊजचा हुक हाताला लागतोय की नाही हे तिला कळत नाही, तळपायाला मुंग्या येतात.

“गाठ छातीत, आन् शिक्षा बोटास्नी व्हय गं?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, कण्याजवळून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूची शेपटी जवळपास मीटरभर लांब असते, आणि तिच्यातला सगळा माल याच नळ्यांवरून जातो. पेशी विभागत नसली तरी नळ्या तिलाही लागतात. औषधाला गाठीतली नळी कुठली आणि मज्जातंतूतली कुठली ते कळत नाही.

“मग जे इभागणीलाच लागतं त्याला धरणारं औषध काढायचं.”

जवळपास याच विचारानं लोकांनी औषधं काढली. १९९९ मध्ये मोनॅस्ट्रॉल सापडलं, ते ट्युब्युलिनला हात न लावता ईजी५ बंद पाडतं. ध्रुव लांब जात नाहीत, पेशी अडकते. त्या धर्तीची औषधं रुग्णांवर तपासली गेली. मज्जातंतूंचा त्रास पॅक्लिटॅक्सेलसारखा झाला नाही, पण शरीरातल्या घट्ट गाठींवर अपेक्षा होती तसा परिणामही दिसला नाही. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे तुमचं गणितच चुकलं हाय कुठंतरी.”

चुकलं असावं. प्रयोगशाळेतल्या पेशी पॅक्लिटॅक्सेलनं अडकून मरतात, म्हणून गाठीतल्याही तशाच मरत असतील असं धरून चाललं होतं. २०१४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींतलं औषधाचं प्रमाण मोजलं, तर ते विभाजन अडवून धरण्याइतकं नव्हतंच. पेशी अडकत नव्हत्या, पुढं जात होत्या. फक्त ध्रुव दोनाऐवजी तीन-चार होत होते, आणि गुणसूत्रांची वाटणी वाटेल तशी होत होती. औषध बहुधा त्या भलत्या वाटणीतून काम करत असावं.

मोबाइलवर मी तिला तीन ध्रुवांच्या पेशीचं चित्र दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं तिनं. पुढच्या खेपेला मिरजेला जाताना डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिनं माझ्याकडून वहीत लिहून घेतलेत. पहिला बोटांचा आहे, डोस कमी करता येईल का असा. दुसरा तीन ध्रुवांचा. बाह्यरुग्ण विभागातल्या त्या गर्दीत दुसऱ्या प्रश्नाला डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला मी रजा टाकून बरोबर जाणार आहे.